पडवीला काच : काम चांगले, पण ऊन, पाऊस आणि वारा ओळखून

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की कोकणातल्या घरी एक ठरलेली धावपळ असे. नारळाच्या झावळ्या विणून झापं तयार करायची आणि पडवीच्या मोकळ्या बाजूला बांधून टाकायची. कोकणातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. झापं नसली तर झड थेट आतल्या दारापर्यंत पोहोचते. पुढे झापांची जागा निळ्या ताडपत्रीने घेतली. ताडपत्रीने पाऊस अडला, पण उजेडही अडला. चार महिने भर दिवसा दिवे लावून बसायचे आणि रात्रभर ताडपत्रीची फडफड ऐकायची, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आता त्या जागी काच येत आहे. आखातात किंवा विलायतेत नोकरी केलेला माणूस गावी येतो, घराची दुरुस्ती काढतो आणि मिस्त्रीला सांगतो, "मिस्त्री, पडवी काचेने बंद करून टाका. बाराही महिने वापरता आली पाहिजे." मागणी रास्त आहे. घरातली सर्वांत हवेशीर जागा वर्षातले चार महिने फुकट जाते. २०१० ते २०१६ या काळात रमजान पावसाळ्यात येत असे. पडवीत वीस माणसांची इफ्तारी मांडायची आणि ऐन मगरिबच्या वेळी झड आली की दस्तरखान उचलून आत पळायचे, हा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे. लग्नाचे पाहुणे, मुलांचा अभ्यास, घरच्या शिलाईचे काम, म्हाताऱ्या माणसांचा पलंग अशा सगळ्यांसाठी ही जागा हवी असते.

आपल्या समाजातील सुतार, फॅब्रिकेटर आणि काचवाले यांच्यासाठी हे काम चांगले आहे. परंतु काम वाढले तसे बिघडलेल्या कामांचे प्रमाणही आमच्या नजरेस येऊ लागले आहे. म्हणून हे काम कसे करावे आणि गिऱ्हाइकाने ते कसे करून घ्यावे, याचा येथे थोडा विचार करू.

विलायतेची नक्कल नको

बरीच गिऱ्हाइके इंग्लंडमधील नातेवाइकाच्या घराचा फोटो दाखवतात. घराच्या मागे काचेची खोली, छपरालाही काच. हा फोटो पाहून काम हाती घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लंडन ५१ अंश अक्षांशावर आहे आणि आपले श्रीवर्धन १८ अंशांवर. तिथली काचेची खोली ऊन पकडण्यासाठी बांधतात. आपल्याला ऊन पकडायचे नाही, फक्त पाऊस अडवायचा आहे.

काचेचा स्वभाव असा की ती उन्हाला आत येऊ देते, पण तापलेली फरशी आणि सामान यांतून निघणारी उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. चारी बाजूंनी बंद केलेली मोटार उन्हात उभी केली की आत काय होते, ते सर्वांना माहीत आहे. काचेची बंद पडवी म्हणजे तीच मोटार. आपल्याकडे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. जुलैमध्ये ढग असतात, मेमध्ये नसतात. तेव्हा छपराला काच बसवणे म्हणजे पैसे देऊन भट्टी विकत घेणे आहे. छप्पर कौलांचेच ठेवावे. उजेड हवा असेल तर आपल्या वाडवडिलांनी माजघरात जे केले तेच करावे. चार-सहा कौलांच्या जागी काचेची कौले घालावीत.

आखातात काचेच्या बैठकी असतात, पण त्या वातानुकूलित यंत्रावर चालतात. ज्या गावात पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, तिथे तो हिशेब धरू नये.

उघडणार किती, हे आधी विचारा

त्यामुळे गिऱ्हाइकाकडे गेल्यावर "काच कोणती?" हा पहिला प्रश्न नसावा. "उघडणार किती?" हा पहिला प्रश्न असावा.

दोन ट्रॅकचे सरकते तावदान असेल तर एकूण जागेपैकी निम्मीच जागा उघडते. तीन ट्रॅक आणि तीन तावदाने घेतली तर दोन-तृतीयांश उघडते. घडीची दारे जवळजवळ पूर्ण उघडतात, पण त्यांचे बिजागर आणि वरची पट्टी भारी लागते आणि आडव्या पावसात त्यांचे सांधे सांभाळणे अवघड जाते. सर्वसाधारण घराला तीन ट्रॅक पुरेसे होतात.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दमट उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश जागा हवेसाठी उघडी हवी. समजा पडवी २० फूट लांब आणि ८ फूट रुंद आहे. क्षेत्रफळ १६० चौरस फूट झाले. त्याला किमान २७ चौरस फूट उघडी जागा लागेल. परंतु हा हिशेब एका खोलीपुरता झाला. पडवीच्या मागच्या माजघराला आणि स्वयंपाकघराला पडवीतूनच हवा मिळते. पडवी बंद झाली की तीही गुदमरतात. म्हणून पडवीची निम्मी बाजू तरी उघडता आली पाहिजे, असे आम्ही म्हणू.

पावसात तावदाने बंद राहणार, तेव्हा हवेचे काय? त्यासाठी छपराच्या खाली, वळचणीच्या आडोशाला, जाळी लावलेली झडपांची पट्टी ठेवावी. गरम हवा वर चढते आणि तेथून निघून जाते. ही पट्टी नसेल तर जुलैमध्ये काचेवर आतून पाणी धरते, वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतो आणि लाकडी सामानावर बुरशी चढते. गिऱ्हाईक म्हणते, "काच गळते." काच गळत नसते, घरातलाच दमटपणा असतो.

दिशेचाही विचार हवा. दक्षिणेकडच्या काचेला छपराची दोन-तीन फूट वळचण बरेच संरक्षण देते. पश्चिमेकडे तसे होत नाही, कारण दुपारी तीननंतरचे ऊन वळचणीखालून तिरपे आत घुसते. किनाऱ्यावरच्या गावांत समुद्र पश्चिमेला, देखावा पश्चिमेला आणि गिऱ्हाइकाचे मनही पश्चिमेला. त्याला सांगावे की चिकाचा पडदा काचेच्या बाहेरून लावा. आतून लावलेला पडदा ऊन डोळ्यांआड करतो, पण उष्णता तोवर आत आलेली असते.

वाऱ्याचा हिशेब

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरे उडाली. त्यानंतर श्रीवर्धन तालुक्यातील एका घराचे काम पाहण्याचा योग आला. पडवी काचेने बंद केली होती, काम दिसायला देखणे होते. वादळात पश्चिमेकडचे एकच मोठे तावदान फुटले. इतर काचा शाबूत राहिल्या, पण पडवीवरचे पत्रे मात्र सगळे गेले. घरमालकाला याचे कोडे पडले होते. मुले पाच मिनिटांपूर्वीच आतल्या खोलीत गेली होती, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

यात कोडे काही नाही. मोकळ्या पडवीतून वारा आरपार जातो. बंद पडवीत एका बाजूने भोक पडले की वारा आत शिरतो, पण बाहेर पडायला वाट नसते. मग तो छपराला आतून वर ढकलतो. त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा पत्रा वर ओढत असतो. दोन्ही जोर एकत्र आले की पत्र्याचे हूक टिकत नाहीत. म्हणजे ज्या घराची पडवी आपण काचेने बंद करतो, त्या घराच्या छपराची जबाबदारीही काही अंशी आपल्यावर येते. काच बसवण्यापूर्वी वासे भिंतीला आणि खांबांना नीट बांधलेले आहेत की नाही, पत्र्याचे हूक किती अंतरावर आहेत, हे पाहिल्याशिवाय माप घेऊ नये.

आता आकडे पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे ६८ किलो येतो. ४ फूट रुंद आणि ७ फूट उंच तावदान म्हणजे २.६ चौरस मीटर. त्या एका तावदानावर सुमारे १७७ किलोचा जोर झाला. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरला आहे. तो धरला तर त्याच तावदानावर ३०० किलोंहून अधिक जोर येतो. हलक्या पट्टीच्या चौकटीत बसवलेली साधी ४ मिलिमीटरची काच यापुढे काय करणार? म्हणून किनाऱ्यावर मोठे तावदान देण्याचा मोह टाळावा. रुंदी अडीच-तीन फुटांवर आणावी, मध्ये उभी पट्टी द्यावी. देखावा थोडा तुटेल, पण घर टिकेल.

काच कोणती?

साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. जमिनीपर्यंत येणाऱ्या तावदानाला साधी काच वापरणे म्हणजे घरातल्या लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे. तिथे टफन्ड काच हवी. ही काच सहाशे अंशांहून अधिक तापवून एकदम थंड हवेने निववलेली असते. साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर बारीक, बोथट खडे होतात. खऱ्या टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा पक्का शिक्का असतो. सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. शिक्का नसलेली काच टफन्ड म्हणून विकत घेऊ नये आणि विकूही नये.

डोक्याच्या वर कुठेही काच येत असेल तर तिथे लॅमिनेटेड काचच हवी. यात दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. काच तडकली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात, खाली पडत नाहीत.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. वरचे ४ बाय ७ फुटांचे तावदान ५ मिलिमीटरचे असेल तर सुमारे साडेबत्तीस किलो, ८ मिलिमीटरचे असेल तर ५२ किलो. चाके आणि खालची पट्टी हे वजन पेलणारी घ्यावीत. स्वस्त चाके दोन पावसाळ्यांत बसतात आणि मग शिव्या कारागिराला खाव्या लागतात.

पडद्याचा प्रश्न आपल्या घरांत महत्त्वाचा असतो. बाहेरचे दिसावे, पण आतले दिसू नये म्हणून रिफ्लेक्टिव्ह काच मागतात. दिवसा ती हे काम करते. रात्री आत दिवा लागला आणि बाहेर अंधार असला की उलटे होते. आतली माणसे रस्त्यावरून स्पष्ट दिसतात, आणि आत बसलेल्यांना त्याचा पत्ता नसतो. ही गोष्ट कारागिराने स्वतःहून सांगावी आणि आतून पडद्याची सोय आधीच ठेवावी. कमरेपर्यंत धुरकट काच आणि वर स्वच्छ काच हाही चांगला तोडगा आहे.

पाणी आणि मीठ

कोकणात पावसाळ्यात अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तावदानाच्या खालच्या पट्टीत पाणी साचणारच. ते बाहेर जाण्यासाठी पट्टीला बाहेरच्या बाजूने भोके लागतात. कित्येक कारागीर ही भोके पाडतच नाहीत, किंवा पाडतात आणि मग सिलिकॉन भरताना बुजवून टाकतात. उंबरा आतल्या फरशीपेक्षा इंचभर उंच घ्यावा आणि त्याच्या बाहेरच्या लादीला बाहेर उतार द्यावा. एवढे केले की निम्म्या तक्रारी संपतात.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला साधा लोखंडी स्क्रू मारला की दोन्ही धातू एकमेकांना खातात. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागते आणि काही वर्षांत जोड ढिला होतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. समुद्राजवळ ३१६ प्रतीचे, आतल्या गावात ३०४ चालते. ओले सिमेंट आणि चुना ॲल्युमिनियमला व काचेला डाग पाडतात. म्हणून गिलावा आधी, चौकट नंतर.

जांभ्याच्या भिंतीत मऊ चिरा लागला की स्क्रूची पकड बसत नाही. जिथे चौकट घट्ट करायची तिथे चिरा खोदून काँक्रीटचा ठोकळा भरावा. लाकडी खांबाला चौकट लावताना थोडी फट ठेवावी, कारण लाकूड पावसाळ्यात फुगते. दहा फुटांची ॲल्युमिनियमची पट्टीही ३० अंश तापमानवाढीत सुमारे २ मिलिमीटर वाढते. काच धातूला कधीही टेकू नये. खाली रबराच्या ठोकळ्यांवर बसवावी आणि सभोवती फट ठेवून रबर किंवा सिलिकॉन भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन चिऱ्याला व सिमेंटला नीट धरत नाही आणि लॅमिनेटेड काचेच्या कडेला मानवत नाही. तिथे न्यूट्रल सिलिकॉन घ्यावे.

कारागिराचा हिशेब

टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. पाव इंचाची चूक झाली तरी पूर्ण तावदान वाया जाते आणि त्याची किंमत कारागिराच्या खिशातून जाते. जुन्या घरांचे खांब ओळंब्यात नसतात. म्हणून रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी. उंचीही तीन ठिकाणी. दोन्ही कर्ण मोजावेत. चौकट बसवून झाल्यावरच काचेचे माप कारखान्याला कळवावे. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावून सांगावे लागते, पण सांगितले पाहिजे.

गावातल्या मजुरीचे दर पडण्याचे एक कारण हलकी पट्टी हे आहे. दोन अंदाजपत्रकांत मोठा फरक दिसला की गिऱ्हाईक स्वस्ताकडे जाते. त्याला पट्टीची जाडी कोणी सांगत नाही. आपण सांगावी. अंदाजपत्रकात काचेचा प्रकार आणि मिलिमीटर, पट्टीची जाडी आणि फुटाचे वजन, चाकांची व स्क्रूंची प्रत, वाहतुकीत काच फुटली तर खर्च कोणाचा, आणि पहिल्या पावसाळ्यात एकदा येऊन दुरुस्ती करून देण्याचे आश्वासन, एवढे लिहून द्यावे. लिहून देणारा माणूस महाग वाटला तरी त्याचे नाव टिकते.

बयाणा किमान मालाच्या किमतीइतका घ्यावा. काच आणि ॲल्युमिनियम उधारीवर आणून गिऱ्हाइकाला उधार देणे म्हणजे दोन्ही बाजूंनी फास आहे. गिऱ्हाईक परदेशी परतणार असेल तर काम त्याच्या तिकिटाच्या तारखेआधी संपवून उरलेली रक्कम समोरासमोर घ्यावी. "पोहोचल्यावर पाठवतो" या शब्दावर अनेकांचे पैसे वर्षानुवर्षे अडकले आहेत.

कामे ऑक्टोबरपासून घ्यावीत. मेमध्ये सगळ्यांना एकदम आठवण होते, काच वेळेवर मिळत नाही आणि अर्धे काम पावसात सापडते. एका कारागिराला सगळे जमेल असेही नाही. सुताराला घराचे लाकूड कळते, फॅब्रिकेटरला पट्टी कळते, काचवाल्याला काच. तिघांनी मिळून एक काम घेतले तर मोठी कामे बाहेरच्या ठेकेदाराकडे जाणार नाहीत आणि तरुण मुलांना हाताखाली शिकायलाही मिळेल.

परवानगी आणि शेवटचा शब्द

छपराखालची पडवी बंद करणे आणि मोकळ्या अंगणावर नवे बांधकाम करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका आणि सदनिका असेल तर सोसायटी, यांच्याकडे आधी विचारणा करावी. मुंबईत बाल्कनी बंद करून खोलीत घेण्यावरून वर्षानुवर्षे नोटिसा निघत आल्या आहेत. शहरात काम करणाऱ्या कारागिराने परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय हात लावू नये.

आणि एक लहान गोष्ट. काम संपल्यावर स्वच्छ काचेवर मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि मुलांच्या उंचीवर, अशा दोन ओळींत रंगीत पट्टी चिकटवून द्यावी. नवी काच दिसत नाही. ईदच्या दिवशी धावत येणारे मूल तिच्यावर आदळते. ही पट्टी काही रुपयांत होते.

झापं दरवर्षी बांधावी लागत आणि दरवर्षी काढावी लागत. त्यामुळे वर्षातून दोनदा घरच्या माणसाची नजर वाशांवरून, खांबांवरून आणि दोऱ्यांवरून फिरत असे. काच बसवली की ती नजर फिरणे थांबते. म्हणून दर मेमध्ये एक दिवस आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जावे, पट्टीची भोके साफ करावीत, चाके आणि स्क्रू पाहावेत, छपराचे हूक तपासावेत. त्याचे रास्त पैसे सांगावेत. गिऱ्हाईक ते आनंदाने देईल, आणि पुढच्या घराचे काम बहुधा त्याच ओट्यावर बसून ठरेल.